शंभरात तीन

दिनकर खटावकर पाटबंधारे खात्यात आरेखक होता. छत्तीस वर्षं त्याने कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढले. रेघ चुकली की खोडायची, फोटो फसला की टाकायचा, एवढं त्याचं साधं तत्त्व होतं. सांगली-मिरजेच्या हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ होतं, त्याचा तो एकोणीस वर्षं सेक्रेटरी. नव्या सभासदाला तो पहिल्याच रविवारी सांगायचा, "फोटो काढायला कुणीही शिकतं. टाकायला शिका. शंभर काढा, तीन ठेवा. चौथा ठेवावासा वाटला तर समजा, अजून तुमची नजर तयार झाली नाही."

त्याची बायको हेमा मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. कळल्यापासून तीन महिने.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी हेमाची धाकटी बहीण इंदू निपाणीहून आली. तिने पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि भिंतीशी उभ्या केलेल्या मोठ्या फोटोसमोर जाऊन बसली. हा फोटो दिनकरने दोन दिवस खपून तयार केला होता. गच्चीवरची संध्याकाळ, हेमा कठड्याला टेकलेली, जरा उजवीकडे बघत हसतेय. केसांची एकेक बट मोजता येईल इतका साफ.

"फोटो झकास आहे दाजी," इंदू म्हणाली. "पण ताईचे दोन्ही डोळे उघडे कसे?"

"फोटोत डोळे उघडेच असतात इंदू. मिटलेले आले तर तो फोटो टाकतात."

"तसं नव्हं हो. ती हसतेय ना इथं? हसताना ताईचा डावा डोळा कधी उघडा राहिलाय का?"

दिनकर हातातली फुलांची पुडी सोडत होता. तो तसाच उभा राहिला.

दोन हजार चौदा साली उन्हाळ्यात हेमाच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी चूळ भरायला गेली आणि पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, भरून येईल. भरून आली, पण जुळताना तिच्या तारा थोड्या चुकीच्या जुळल्या. तोंड हललं की डावा डोळाही हलायचा. हेमा जेवायला बसली की त्या डोळ्यातून पाणी यायचं आणि ती घासागणिक पदराने ते टिपायची. आणि हसली की डोळा पार मिटायचा. नवीन माणसाला वाटायचं, बाई डोळा मारतेय. लॅबमध्ये एकदा एका पेशंटचा तसा समज झाला होता, तो किस्सा ती सगळ्यांना सांगायची आणि सांगताना परत हसायची.

सव्वीस वर्षं हे दिनकरच्या डोळ्यांसमोर होतं. पहिली दोन वर्षं रोज झोपताना तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब त्यानेच घातले होते. आणि दोन दिवस तो या फोटोवर बसला होता, रंग, सावली, धार सगळं तपासलं होतं, आणि हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हा त्याआधीचा असेल," तो म्हणाला.

"केस पांढरे आहेत दाजी."

इंदू चहा टाकायला आत गेली. दिनकर कॉम्प्युटरपाशी बसला. हेमाचे एकोणीसशे फोटो होते. त्यातले हसतानाचे वेगळे काढले, ते दोनशे बारा निघाले. एकेक उघडून बघितला. दोनशे बारा फोटोंत दोन्ही डोळे उघडे.

हे एक वेळ पटण्यासारखं होतं. मिटलेल्या डोळ्यांचे फोटो त्यानेच टाकले होते. पण एक फोटो त्याने टाकलेला नव्हता हे त्याला पक्कं आठवत होतं. अनुजाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नातला. भटजींनी नवऱ्याच्या जागी चुकून सासऱ्याचं नाव घेतलं आणि हेमा तोंडाला पदर लावून हसली, डावा डोळा गच्च मिटलेला. दिनकर तो टाकणार होता, तर अनुजा हटून बसली होती, "बाबा, हा टाकलात तर मी बोलणार नाही." म्हणून ठेवला होता.

त्याने तो उघडला. मांडव, पदर, भटजी सगळं जागच्या जागी. आणि पदराच्या वर हेमाचे दोन डोळे, दोन्ही उघडे, पाणीदार, सुंदर.

दिनकरने स्वतःचे डोळे मिटले आणि हेमाचं हसणं आठवून बघितलं. तेही तसंच आलं. दोन्ही डोळे उघडे. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. वर्षभर रोज दोन-तीन तास तो हे फोटो बघत होता. आत जे होतं त्यावर फोटो बसला होता.

*

हे कसं झालं ते त्याला तिथं खुर्चीत बसल्या बसल्याच कळलं होतं, कारण ते काम त्यानेच केलं होतं.

साधा डिजिटल फोटो म्हणजे पाच-सात कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग म्हणजे काही आकडे. एवढे आकडे साठवायला जागा लागते, आणि गेल्या काही वर्षांत जागेची टंचाई झाली होती. साठवण केंद्रं वीज आणि पाणी फार पितात म्हणून त्यांच्यावर मर्यादा आल्या, आणि प्रत्येक घराला ठरावीक साठवण मिळू लागली. त्यावर 'बीजकोश' नावाचा प्रोग्राम आला. त्याची कल्पना हुशारीची होती. तुमच्या घरातली माणसं, भिंती, भांडी, तुमच्या गच्चीवरचा उजेड हे सगळं प्रोग्राम एकदा शिकून घेतो. त्याला म्हणायचे घराचा साचा. मग प्रत्येक फोटोतले कोटी ठिपके ठेवायची गरज नाही. 'हेमा, वय छप्पन्न, गच्ची, संध्याकाळ, अर्धवट हसू' एवढं आणि वर थोडे आकडे, म्हणजे साच्याचा अंदाज आणि खरा फोटो यांच्यातला फरक, एवढं ठेवलं की पुरतं. हे फोटोचं बीज. फोटो उघडला की साच्यातून तो नव्याने उगवतो. मूळ फोटोच्या हजाराव्या भागाएवढी जागा.

दिनकरने घाई केली नव्हती. एकोणीसच्या पुरात घरातले सगळे कागदी अल्बम गेले होते, त्याच्या आणि हेमाच्या लग्नाचासुद्धा. नंतर दोन हार्डडिस्क बंद पडल्या. त्याला फोटो टिकायला हवे होते. त्याने बीजकोशात आधी दोनशे फोटो पेरले, मूळ फोटो शेजारी ठेवला आणि तीन दिवस भिंग घेऊन ताडून बघितले. फरक सापडला नाही. मग त्याने सगळे पेरले आणि मूळ पुसून टाकले. तेव्हापासून फोनवर काढलेला नवा फोटोही आपोआप पेरला जायचा. सगळ्या फोटो काढणाऱ्यांना ही खोड असते. एकदा नीट तपासलं की काम संपलं असं वाटतं.

पण साचा दरवर्षी नव्याने शिकत होता. आणखी जागा वाचावी म्हणून तो दरवर्षी बघायचा की मालकाला कुठला फरक नकोच आहे, आणि तो फरक बीजातून काढून टाकायचा. मालकाला काय नको हे त्याला कसं कळायचं? मालकानेच सांगितलेलं असायचं. कारण बीजकोश बनवणाऱ्यांचा आधीचा प्रोग्राम फोटो गाळायचा होता, आणि दिनकर तो बावीस वर्षं वापरत होता. रोजचे फोटो त्यात भरायचे, एकेक बघायचा, ठेवायचा नाहीतर कारण देऊन काढायचा. हलला. उजेड जास्त. डोळा मिटलेला.

पेरलेले फोटो पहिल्या दिवशी जसेच्या तसे होते. हळूहळू, वर्षावर्षाने, प्रोग्रामने दिनकरची आवड हेमाच्या चेहऱ्यावर चालवली होती.

*

श्राद्ध झालं. फोटोला हार घातला. इंदूने नमस्कार केला, पण वर बघितलं नाही हे दिनकरने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मिरजेला रशीद मुजावरकडे गेला. मुजावर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, मंडळाचा जुना सभासद. त्याच्या खोलीत जुनी मशिनं, वायरी आणि न फेकलेल्या वस्तू यांच्यामधून खुर्चीपर्यंत एक पायवाट होती.

"या, सेक्रेटरीसाहेब," तो म्हणाला. "आज कुणाचा कचरा काढायला आलात?"

"रशीदभाई, दंडोबाच्या सहलीचे तुमचे फोटो आहेत का? तेहतीस सालच्या. त्यात हेमा होती."

"होते."

"होते म्हणजे?"

"म्हणजे तुम्हीच तर घरी येऊन पेरून दिलेत. मंडळाचा ठराव होता ना तुमचा? सगळ्या सभासदांनी फोटो पेरावेत, मूळ ठेवू नयेत, जागा अडवू नये. मी म्हणत होतो, असू द्या, माझ्याकडे जुने बूटसुद्धा असतात. तर तुम्ही याच खुर्चीत बसून तीन दुपारी खर्च केल्या आणि मला म्हणालात, आता कसं स्वच्छ वाटतंय."



"आणि मंडळाच्या सगळ्या फोटोंना साचा एकच आहे," मुजावर जरा खालच्या आवाजात म्हणाला. "त्याला निवड शिकवली ती तुमची. सेक्रेटरी तुम्ही होता."

दिनकरने त्याला सगळं सांगितलं. लग्नातल्या फोटोचंही. मुजावरने स्टोव्हवरचा चहा उतरवून ठेवला, तो प्यायचा राहिलाच.

"वहिनींचा डोळा," तो म्हणाला. "माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसल्या तेव्हा मी दोन दिवस विचार करत होतो, आपण असं काय बोललो."

"तुम्हाला आठवतो?"

"मला आठवतो. मी फोटो बघत नाही ना."

मग त्याने कॉम्प्युटर पुढे ओढला. बराच वेळ तो बीजकोशाच्या आतल्या फायली चाळत बसला. दिनकर खिडकीबाहेर बघत होता. समोरच्या घरात कुणीतरी सतारीचा भोपळा घासत होतं, त्याचा खर्रखर्र आवाज येत होता.

"एक मार्ग आहे," मुजावर म्हणाला. "चांगला नाही, आधीच सांगतो. साच्याला दोन बाजू असतात. तुम्ही ठेवलेले फोटो बघून तो आवड शिकला. टाकलेले बघून नावड शिकला. फोटो उगवताना तो आवडीकडं जातो आणि नावडीपासून लांब पळतो. टाकलेले फोटो तर गेले, पण लांब पळायचं तर कशापासून, ते त्याला माहीत असावं लागतं. म्हणजे तुम्ही टाकलेल्या वहिनी अजून त्याच्या आत आहेत. फोटो म्हणून नाहीत. कसं सांगू, तिरस्कार म्हणून आहेत."

"मी हेमाचा तिरस्कार..."

"मशीनला तेवढाच शब्द कळतो हो. मनाला लावून घेऊ नका. तर इथं एक आकडा आहे. तो उलटा केला तर साचा नावडीकडं चालेल. तेव्हा त्या दिसतील. पण खऱ्याच दिसतील अशी खात्री मी देत नाही. तो अंदाजच करणार, फक्त दुसऱ्या बाजूने."

"करा."

"घाई आहेच. पंधरा तारखेला साच्याची यंदाची शिकवणी आहे. यंदा बीजकोशवाले नावडही गाळणार आहेत. मालकाला इतकी वर्षं नकोय तर ते लक्षात ठेवायला तरी जागा कशाला, असं त्यांचं म्हणणं."

त्या दिवशी बारा तारीख होती.

"मात्र वहिनींच्या फोटोंचा साचा तुमच्या घरचा आहे," मुजावर म्हणाला. "किल्ली दोघांची लागते. तुमची आणि मुलीची."

*

अनुजा इंदूरला असते. दिनकरने दुपारी फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, तुम्ही जेवताय ना वेळेवर?" ती म्हणाली.

"अनु, मी डोळ्याचं बोलतोय."

"ऐकलं मी. पण आई छान दिसतेय ना त्या फोटोंत? माझ्या पोरीला मी तेच दाखवते. ती आजीला ओळखते. आता मी तिला सांगू का, की ही आजी खोटी आहे?"

"खोटी आहेच ती."

"मग कुणी केली खोटी?" अनुजाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मी अकरा वर्षांची असल्यापासून तुम्ही मला शिकवलंत, आईचा फोटो उजवीकडून घे. आई हसायला लागली की थांब, हसणं उतरू दे, मग घे. मी पण तेच करत आले. माझ्या फोनमध्ये आईचा एकही तसा फोटो नाही. मी काल रात्रभर तोच विचार करत होते, मावशीने सांगितलं तेव्हापासून."

"इंदूने तुला सांगितलं?"

"कुणीतरी सांगायला नको का? तुम्ही काय करणार होतात, परस्पर?" ती रडत होती. "लग्नातला तो फोटो. मी तुमच्याशी भांडले होते त्याच्यासाठी. आणि बाबा, तो कधी बदलला ते मला कळलंसुद्धा नाही. माझ्या टेबलावर आहे तो. रोज समोर असतो."

 थोड्या वेळाने तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "परवानगी पाठवते. मला मात्र काही दाखवू नका. एकच दाखवा. जो खरा असेल तो एकच."

*

चौदा तारखेला सकाळी मुजावर आपलं मशीन घेऊन दिनकरच्या घरी आला. इंदू निपाणीला जायची होती, ती थांबली.

पन्नास बीजं निवडली होती. मुजावरने आकडा बदलला. पहिला फोटो उगवला तो स्वयंपाकघरातला.

हेमा पोळी लाटत होती. तिने तोंड वर केलं होतं आणि ती हसत होती. डावा डोळा मिटलेला, त्याच्या कोपऱ्यात पाणी, गालावर पीठ. तोंड नको तितकं उघडलेलं. दिनकरने ठेवलेल्या फोटोत ती खाली पोळीकडे बघत होती. इथं ती समोर बघत होती, सरळ कॅमेऱ्याकडे.

"अगं बाई," इंदू म्हणाली आणि तिने तोंडावर हात नेला.

दुसरा फोटो. हसतेय, डोळा मिटलेला. तिसरा. चौथ्यात जेवताना, तोंडात घास, डोळ्यातलं पाणी टिपायला पदर वर नेलेला, आणि हसतेय. लॅबच्या दारात. कृष्णेच्या घाटावर. प्रत्येक फोटोत ती उजवीकडे नाही, समोर बघत होती, आणि हसत होती.

"हिला एवढं हसू कशाचं?" दिनकर पुटपुटला.

मुजावर नोंदी चाळत होता. "हेमा खटावकर," तो वाचायला लागला, "डोळा मिटलेला, म्हणून काढलेले." मग तो थांबला.

"किती?"

"राहू द्या."

"रशीदभाई, किती?"

"सहा हजार आठशे बारा."

 दिनकर तो आकडा मनात घेऊन बसला. बावीस वर्षांत सहा हजार आठशे बारा वेळा ती त्याच्या कॅमेऱ्यासमोर हसली होती, आणि प्रत्येक वेळी त्याने मागून बसून, निवांतपणे, एकेक बघून, ते काढून टाकलं होतं.

पुढचे फोटो उगवत राहिले. एकतिसावा हेमा-इंदूच्या आईच्या बाराव्याचा होता. हेमा आणि इंदू पायरीवर बसल्या होत्या. त्यातही हेमा हसत होती, डोळा मिटून.

"हे काय?" इंदू म्हणाली. "त्या दिवशी ताई हसली नव्हती. आम्ही दोघी नुसत्या बसून होतो."

मुजावरने खाली बघितलं. "म्हणून म्हटलं होतं, चांगला मार्ग नाही. साहेबांनी वहिनींचं हसणं टाकलं एवढंच त्याला माहीत. आता उलटं चालवल्यावर तो सगळीकडंच हसवणार."

सेहेचाळिसावा फोटो दवाखान्यातला होता. शेवटच्या आठवड्यातला. नाकात नळी, उशीवर विरळ झालेले केस. दिनकरने त्या दिवशी तिथं तीन फोटो काढले होते आणि एक ठेवला होता. ठेवलेल्यात ती खिडकीकडे बघत होती, चेहरा शांत. आता पडद्यावर ती त्याच्याकडे वळली होती. गाल बसलेले, ओठ सुकलेले, डावा डोळा मिटलेला. हसत होती.

दिनकर उठून पडद्याजवळ गेला.

"त्या दिवशी ती हसली होती का?" त्याने विचारलं.

"मी नव्हते दाजी. तुम्हीच होता."

"मी होतो," दिनकर म्हणाला. "मी उजेडाचं बघत होतो. खिडकीतून फार येत होता."

त्याने आठवून बघितलं. दोन फोटो टाकले होते ते आठवलं. का टाकले ते आठवेना. हलले म्हणून असतील, किंवा डोळा मिटला म्हणून. मरायच्या आधी पाच दिवस हेमा त्याच्याकडे बघून हसली होती की नव्हती, हे आता जगात कुठंच नोंदलेलं नव्हतं. मशीनला ती सगळीकडे हसलेलीच दिसत होती आणि त्याला कुठंच नाही.

"एक निवडा," मुजावर म्हणाला. "कागदावर काढून देतो. उद्यापासून हे नसेल."

दिनकरने पन्नासही फोटो पुन्हा बघितले. आयुष्यभर तो हेच करत आला होता, ढिगातून एक उचलायचं. आता त्याला उचलता येईना. कुठलं हसणं तिचं आणि कुठलं मशीनचं, कळायला एकही खूण त्याच्याजवळ नव्हती. प्रत्येक बाई त्याला सारखीच परकी वाटत होती.

"इंदू, तू सांग. यातली हेमा कुठली?"

इंदूने फार वेळ घेतला नाही. तिने स्वयंपाकघरातल्या पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. "ही. अशीच."

"कशावरून?"

"आता कशावरून काय सांगू? ही ताई आहे." तिने डोळे पुसले. "आणि हसू कशाचं म्हणून विचारत होता ना? तुमचंच की. तुम्ही फोटो काढायला लागलात की पाय फाकवून उभं राहायचा, जीभ जरा बाहेर, आणि एक डोळा गच्च मिटून कॅमेऱ्यातून बघायचा. ती मला म्हणायची, इंदे, आमच्या घरात दोघंही एकाच डोळ्याची माणसं, समोरासमोर आली की मला आवरतच नाही."

दिनकरला हे माहीत नव्हतं. हेमाने त्याला कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि तो तेव्हा काहीतरी जुळवत असेल.

*

मुजावरने फोटो कागदावर काढून दिला. वहीच्या पानाएवढा. संध्याकाळी इंदू गेली. जाताना ती कागदाला हात लावून गेली.

दिनकरने तो टेबलावर ठेवला आणि समोर बसला. पीठ, पाणी, मिटलेला डोळा. तो त्या बाईकडे बघत राहिला. ओळख पटत नव्हती, पण इंदू खोटं बोलणार नाही, तेव्हा ही हेमा, असं त्याने स्वतःला सांगितलं. नव्या शेजाऱ्याचं नाव पाठ करावं तसं.

पंधरा तारीख आली आणि गेली. सोळाला अनुजाचा निरोप आला, 'बाबा, निवडला का?'

त्याने फोन काढला. कागद खिडकीपाशी नेला, चकाकी येऊ नये असा धरला, फोटो घेतला आणि पाठवून दिला.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'किती गोड हसतेय आई! आणि बाबा, दोन्ही डोळे कसे चमकतायत. यात तर काहीच चूक नाही. तुम्ही उगाच काळजी करत होता.'

दिनकरने पाठवलेला फोटो फोनवर उघडला. पोळपाट होता, पीठ होतं. कागदावरून फोनमध्ये यायला जेवढा वेळ लागला असेल तेवढ्यात डोळा उघडला होता.

त्याने कागद उचलून फोनशेजारी धरला. एकात मिटलेला, एकात उघडा. सवयीने तो दोन्ही ताडून बघायला लागला. उजेड, धार, चेहऱ्याचा तोल. आणि त्याच्या मनात सगळ्यात आधी जो विचार आला तो हा, की फोनमधला जास्त चांगला आलाय.